अर्धवट प्रिंटच्या कसोटीवर: ९१००, एलपीआर, डब्ल्यूएसडी आणि आयपीपी

४० पानांची फाइल पाठवायची, १७ पानं बाहेर यायची, मग प्रिंटर शांतपणे 'रेडी' दाखवायचा आणि कॉम्प्युटरवरची रांगही रिकामी झालेली असायची. एरर कुठेच नाही. अशा वेळी पहिला राग प्रिंटरवर निघतो, मग ड्रायव्हर काढून परत टाकला जातो, मग कुणीतरी केबल बदलतं. बऱ्याचदा हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं असतं. नेटवर्क प्रिंटर निवडताना मिनिटाला किती पानं, टोनर किती टिकतो, दोन्ही बाजूंनी छापतो का, हे सगळं बघितलं जातं. जॉब (छपाईसाठी पाठवलेलं एक काम) कॉम्प्युटरपासून प्रिंटरपर्यंत कोणत्या वाटेने जातो, हे मात्र कुणी विचारत नाही. ऑफिसातल्या बहुतेक प्रिंटरमध्ये अशा तीन-चार वाटा एकाच वेळी चालू असतात: रॉ पोर्ट ९१०० (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांकाचा दरवाजा), एलपीआर (लाइन प्रिंटर रिमोट), विंडोजची डब्ल्यूएसडी (वेब सर्व्हिसेस फॉर डिव्हायसेस) आणि आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल). हे परीक्षण या चार वाटांचं आहे आणि कसोटी एकच: जॉब मधेच तुटला, तर ही वाट ते सांगते का?

सगळ्यात जास्त वापर ९१०० चा, म्हणून सुरुवात तिथून. एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डांमुळे हा पोर्ट रूढ झाला आणि आता जवळपास सगळ्याच कंपन्यांचे प्रिंटर तो देतात. याचं मोठं बळ म्हणजे साधेपणा. कॉम्प्युटर टीसीपी (डेटा पोचल्याची पोच घेणारी नेटवर्कची पद्धत) कनेक्शन उघडतो, ड्रायव्हरने तयार केलेला डेटा ओततो, कनेक्शन बंद करतो. मध्ये कसलीही बोली नाही, त्यामुळे वेग उत्तम आणि बिघडायला जागा कमी. पण हाच साधेपणा अर्धवट प्रिंटच्या वेळी अंगाशी येतो. जॉब एकूण किती बाइटचा आहे हे प्रिंटरला आधी सांगितलेलंच नसतं. कनेक्शन बंद झालं किंवा ठरावीक वेळ डेटा आला नाही, की प्रिंटरच्या लेखी जॉब संपला.

त्या 'ठरावीक वेळेला' प्रिंटरच्या मेनूत आय/ओ टाइमआउट म्हणतात. एचपीच्या अनेक लेझर प्रिंटरवर हा मूळचा १५ सेकंदांचा असतो आणि ५ ते ३०० सेकंदांपर्यंत बदलता येतो. आता मोठ्या नकाशांची किंवा भरपूर फोटो असलेली फाइल घ्या. पहिली १७ पानं पटापट गेली, अठरावं पान तयार करायला ऍप्लिकेशनला २५ सेकंद लागले. तेवढा वेळ तारेवरून काहीच येत नाही. त्यात दुसऱ्या कुणाचा जॉब थांबलेला असेल, तर प्रिंटर पहिल्या जॉबवर पडदा टाकून दुसरा हातात घेतो. उरलेला डेटा नंतर पोचला तरी त्याच्या डोक्यावर सुरुवातीच्या आज्ञा नसतात, म्हणून तो टाकला जातो किंवा कागदाच्या वरच्या कडेला एक-दोन ओळी अगम्य अक्षरं असलेली पानामागून पानं निघत राहतात. हे अगम्य अक्षरांचं दृश्य दिसलं, तर ड्रायव्हर सडला असं लगेच समजू नका. जॉब मधे तुटून शेपूट वेगळं छापलं गेलं, ही शक्यता आधी तपासा.

उपाय दोन ठिकाणी करायचा. प्रिंटरवर टाइमआउट ९० ते १२० सेकंदांवर न्या. विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज उघडून ऍडव्हान्स्ड टॅबवर 'स्टार्ट प्रिंटिंग आफ्टर लास्ट पेज इज स्पूल्ड' निवडा. मूळ सेटिंग 'स्टार्ट प्रिंटिंग इमिजिएटली' असं असतं, म्हणजे पहिलं पान तयार होताच पाठवणी सुरू. शेवटचं पान स्पूल होईपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरवर तात्पुरतं साठवलं जाईपर्यंत, थांबवलं, की ऍप्लिकेशनच्या मंदपणाचा प्रिंटरशी संबंधच उरत नाही. बदल्यात पहिलं पान थोडं उशिरा येतं. आमच्या मते हा सौदा प्रत्येक ऑफिसने डोळे झाकून करावा. त्याच टॅबवरचं 'प्रिंट डायरेक्टली टू द प्रिंटर' मात्र नेटवर्क प्रिंटरवर कधीही निवडू नये. त्याने स्पूलरच (जॉब साठवून रांगेने पाठवणारी विंडोजची सेवा) बाजूला सारला जातो आणि ऍप्लिकेशनची प्रत्येक अडखळ थेट प्रिंटरपर्यंत पोचते.

आता कसोटीचा प्रश्न: ९१०० तुटलेला जॉब कळवतो का? नाही. टीसीपीची पोच म्हणजे प्रिंटरच्या नेटवर्क कार्डाने बाइट घेतले, एवढंच. ते कागदावर उतरले का, याची खबर परत येत नाही. म्हणून रांग रिकामी होते आणि विंडोज 'छापलं' म्हणून मोकळं होतं.

ही उणीव थोडीफार भरून काढायचं साधन विंडोजमध्येच आहे, पण ते मुळात बंद असतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ऍप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, प्रिंटसर्व्हिस असं खाली उतरा, 'ऑपरेशनल'वर उजवी क्लिक करून 'इनेबल लॉग' करा. यापुढे स्पूलरच्या हातून गेलेल्या प्रत्येक जॉबची क्रमांक ३०७ ची नोंद पडते. कुणाचा जॉब, कोणता प्रिंटर, कोणता पोर्ट, किती बाइट, किती पानं. अर्धवट जॉबच्या वेळेची नोंद शोधा. तिथे ४० पानं असतील आणि हातात १७ असतील, तर ऍप्लिकेशन आणि स्पूलर निर्दोष आहेत, गडबड त्यांच्या पुढे, म्हणजे वाटेत किंवा प्रिंटरमध्ये आहे. नोंदीतच १७ पानं असतील, तर प्रिंटरकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, कारण त्याला मिळालंच तेवढं. पानांचा आकडा कधी कधी शून्य दिसतो. तेव्हा बाइट बघा आणि त्याच फाइलच्या नीट छापल्या गेलेल्या जॉबशी ताडून पाहा. एकाच फाइलच्या जास्त प्रती काढल्या असतील, तर त्या या आकड्यात धरलेल्या नसतात, हेही लक्षात असू द्या.

याहून पक्की चाचणी म्हणजे जॉब फाइलमध्ये उतरवणं. पोर्ट्स टॅबवर तात्पुरता 'फाइल:' हा पोर्ट निवडा आणि तीच कागदपत्रं छापा. पीआरएन फाइल, म्हणजे प्रिंटरला जाणारा तयार डेटा, तयार होईल. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून थेट शेवटाला जा. पीसीएल (प्रिंटरला पान समजावून सांगणारी एक भाषा) ड्रायव्हरच्या नीट संपलेल्या जॉबच्या शेपटाला टक्क्याचं चिन्ह, उणे चिन्ह, १२३४५ आणि एक्स अशी खूण दिसते. पोस्टस्क्रिप्ट (तशीच दुसरी भाषा) असेल तर दोन टक्के चिन्हं आणि ईओएफ ही अक्षरं. खूण नसेल, तर जॉब कॉम्प्युटरमध्येच तुटतोय: स्पूल फोल्डरच्या ड्राइव्हवर जागा संपली आहे का, तेही याच टप्प्यावर बघा. हा फोल्डर विंडोजच्या सिस्टम३२ मध्ये 'स्पूल', त्यात 'प्रिंटर्स' या नावाने असतो. जुने अडकलेले जॉब साफ करायचे तर आधी स्पूलर सर्व्हिस थांबवा, त्या फोल्डरमधल्या एसपीएल आणि एसएचडी फाइली काढा, मग सर्व्हिस सुरू करा. सर्व्हिस चालू असताना फाइली काढायला गेलात, तर त्या हलत नाहीत.

पीआरएनच्या शेवटी खूण असेल, तर पोर्ट पुन्हा जागेवर आणा, प्रिंटर शेअर करा आणि कमांड प्रॉम्प्टवर 'कॉपी' आज्ञेला 'स्लॅश बी' जोडून ती फाइल त्या शेअरवर पाठवा. एकदा नाही, तीनदा पाठवा. तिन्ही वेळा छपाई नेमक्या त्याच पानावर, त्याच ओळीवर थांबली, तर दोष डेटात किंवा प्रिंटरच्या मेमरीत आहे. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबली, तर दोष नेटवर्कमध्ये किंवा टाइमआउटमध्ये आहे. अर्धवट प्रिंटच्या शोधात एवढ्या कमी वेळात एवढं सांगणारी दुसरी चाचणी नाही.

एलपीआरबद्दल फार लिहायची गरज नाही. पोर्ट ५१५, आणि नियमावली ऑगस्ट १९९० ची, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ११७९. यात जॉबसोबत डेटाची लांबी पाठवायची सोय आहे, म्हणजे कागदोपत्री ही वाट ९१०० पेक्षा शहाणी. पण विंडोज मुळात फाइल आधी मोजत बसत नाही. लांबीबाबत काटेकोर असलेला प्रिंटर किंवा जुना प्रिंट सर्व्हर मग अडतो किंवा शेवटचा भाग गिळतो. अशा वेळी पोर्टच्या 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एलपीआर बाइट काउंटिंग इनेबल्ड' वर खूण करायची. जॉब आधी मोजला जातो, म्हणून मोठ्या फाइली रेंगाळतात. दुसरा खड्डा रांगेच्या नावाचा. जेटडायरेक्टसारख्या कार्डांवर 'रॉ' आणि 'टेक्स्ट' अशा वेगवेगळ्या रांगा असतात. चुकून 'टेक्स्ट' लिहिलं गेलं, की कार्ड प्रत्येक लाइन फीडच्या आधी एक कॅरेज रिटर्न घालतं. साध्या मजकुराला ते हवंच असतं, पण चित्राच्या डेटात तोच बाइट रंग किंवा ठिपके म्हणून येतो. तिथे एक बाइट घुसला, की पुढचं सगळं सरकतं आणि पान चित्रापाशीच फाटल्यासारखं संपतं. मजकूर नीट, पहिलं चित्र आलं की गोंधळ, अशी तक्रार असेल तर रांगेचं नाव आधी वाचा. विंडोज सर्व्हर २०१२ पासून मायक्रोसॉफ्टने एलपीआर कालबाह्य ठरवलं आहे. जुनी युनिक्स किंवा मेनफ्रेम यंत्रणा हेच मागत असेल तर ठेवा, नव्याने कुठेही लावू नका.

डब्ल्यूएसडी ही वाट कुणी निवडत नाही, ती लागते. 'ऍड प्रिंटर' म्हटलं, यादीत दिसला त्यावर क्लिक केलं, आणि पोर्टचं नाव डब्ल्यूएसडीने सुरू होणारी लांबलचक अक्षरमाला झाली. घरात एक लॅपटॉप आणि एक प्रिंटर असेल तर हे सोयीचं. ऑफिसात नाही. प्रिंटर शोधायला ही वाट यूडीपी पोर्ट ३७०२ वर मल्टिकास्ट (एकदम अनेक उपकरणांना दिलेली हाक) वापरते. दुसऱ्या व्हीलॅनमधला (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागातला) प्रिंटर तिला सहसा दिसत नाही, आणि स्विच किंवा ऍक्सेस पॉइंटने मल्टिकास्ट रोखलं की जागेवर असलेला प्रिंटरही 'ऑफलाइन' होतो. ४० कॉम्प्युटर असलेल्या जागी तीन डब्ल्यूएसडीवर आणि बाकीचे ९१०० वर असतील, तर 'फक्त तिघांनाच त्रास होतो' या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच मिळतं. पोर्ट्स टॅब, ऍड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, प्रिंटरचा आयपी पत्ता: एवढ्या चार पायऱ्यांत सुटका होते. त्याआधी राउटरमध्ये किंवा डीएचसीपी सर्व्हरवर (आयपी पत्ते वाटणाऱ्या) प्रिंटरचा पत्ता त्याच्या मॅक पत्त्याला (उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्याला) बांधून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की आगीतून फुफाट्यात. 'एसएनएमपी स्टेटस इनेबल्ड' ही खूणही त्याच खिडकीत असते. प्रिंटरवर एसएनएमपी (उपकरणाची स्थिती विचारायची पद्धत) बंद असेल किंवा कम्युनिटीचं (त्यातल्या पासवर्डसारख्या शब्दाचं) नाव 'पब्लिक' नसेल, तर चालू प्रिंटर बंद दिसतो आणि रांग अडते. तेव्हा ती खूण काढा.

आता आयपीपी. आमचं मन या वाटेवर आहे आणि कारण नेमकं अर्धवट प्रिंटशी जोडलेलं आहे. पोर्ट ६३१, आणि खाली एचटीटीपी. एचटीटीपीवर डेटा एक तर आधी लांबी सांगून जातो, नाहीतर तुकड्या-तुकड्यांनी जातो आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा येतो. तो शून्याचा तुकडा आलाच नाही, तर डेटा अपुरा आहे हे प्रिंटरला ओळखता येतं. ९१०० वर नेमकं हेच अशक्य आहे. दुसरी गोष्ट, प्रत्येक जॉबला क्रमांक आणि अवस्था असते: ३ म्हणजे वाट बघतोय, ४ रोखून धरलेला, ५ छापला जातोय, ६ छापताना थांबलेला, ७ रद्द केलेला, ८ प्रिंटरने सोडून दिलेला, ९ पूर्ण. सोबत कारण येतं, आणि किती बाजू छापून झाल्या याचा आकडाही मागता येतो. ९ आणि ८ यांतला फरक दिसणं म्हणजे निम्मा शोध संपणं. सध्याची नियमावली २०१७ च्या आरएफसी ८०१० आणि ८०११ मध्ये आहे.

२०१३ साली आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानक आलं, त्यात पान कॉम्प्युटरवरच ठिपक्यांत उतरवून पाठवायची सोय आहे. त्यामुळे किचकट फॉन्ट आणि पारदर्शक थर उलगडताना प्रिंटरची दमछाक होत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतला 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' तर फक्त याच वाटेवर चालतो, कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर त्यात नाहीत.

उणिवा आहेत. ठिपक्यांचा डेटा मोठा असतो, कमकुवत वायफायवर ते जाणवतं. स्टेपल, पंच, पुस्तिकेची घडी असले कंपनीचे खास पर्याय सामान्य ड्रायव्हरमध्ये अपुरे मिळतात. जुन्या फर्मवेअरवर (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) आयपीपीची अंमलबजावणी कच्ची असू शकते, म्हणून ही वाट लावण्याआधी फर्मवेअर अद्ययावत करणं गरजेचं. आणि प्रिंटरने जे सांगितलं ते कॉम्प्युटर नीट दाखवतोच असं नाही. लिनक्सवर आणि मॅकवर कप्समुळे (त्यांच्यातल्या छपाई यंत्रणेमुळे) हे चित्र स्पष्ट दिसतं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ६३१ पोर्ट उघडा, जॉबची अवस्था समोर असते. मॅकवर हे वेबपान आधी टर्मिनलमधून चालू करावं लागतं. 'कप्ससीटीएल' आज्ञेने डीबग लॉगिंग चालू केलं की एरर लॉगमध्ये प्रत्येक फिल्टरचं (फाइल प्रिंटरच्या भाषेत बदलणाऱ्या टप्प्याचं) म्हणणं उतरतं. त्यात एखादं फिल्टर मधेच बंद पडल्याची ओळ सापडली, तर नेटवर्कवर वेळ घालवू नका. कप्समध्ये रांगेचं एरर धोरणही बघा. 'स्टॉप प्रिंटर' असेल तर एका बिघडलेल्या जॉबने सगळ्यांची रांग थांबते. 'रीट्राय जॉब' असेल तर तोच जॉब पुन्हा पहिल्या पानापासून येऊ शकतो.

वाट कोणतीही असो, दोन गोष्टी तिला बुडवू शकतात. पहिली प्रिंटरची मेमरी. ए४ पान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) ४९६० गुणिले ७०१६ ठिपक्यांचं होतं. काळ्या-पांढऱ्या, एका बिटच्या पानाला सुमारे ४.३५ एमबी लागतात. १२०० डीपीआय केलं, की चौपट, १७.४ एमबी. रंगीत, चार शाया, प्रत्येकी ८ बिट धरले, तर ६०० डीपीआयलाच सुमारे १३९ एमबी. प्रिंटर हे दाबून साठवतो, पण फोटो नीट दबत नाही. आणि लेझर प्रिंटरला पानाच्या मधे थांबता येत नाही. ड्रम फिरायला लागला की डेटा वेळेवर हजर पाहिजे. तो झाला नाही तर पानाचा वरचा भाग छापून खालचा कोरा राहतो, उरलेला भाग कधी कधी पुढच्या कागदावर येतो. जुन्या एचपी प्रिंटरवर याला एरर २१, प्रिंट ओव्हररन म्हणतात. मेमरीच अपुरी पडली तर एरर २०. शेवटी 'पीसीएल एक्सएल एरर' असं छापलेला एक जवळजवळ कोरा कागद निघाला, तर तो फेकू नका. त्यावर कोणती आज्ञा कळली नाही आणि ती कितव्या स्थानावर होती, हे लिहिलेलं असतं. स्थान दर वेळी तेच असेल तर ड्रायव्हर किंवा फाइल, बदलत असेल तर वाटेतली खराबी.

मेमरीचा संशय असेल तर आधी १२०० चं ६०० डीपीआय करा. पीसीएल ६ ऐवजी पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर, किंवा उलट, वापरून बघा. पीडीएफ असेल तर ऍक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ऍडव्हान्स्ड दाबून 'प्रिंट ऍज इमेज' निवडा. त्याने पूर्ण छापलं, तर फाइलमधला एखादा फॉन्ट किंवा थर प्रिंटरला पचत नव्हता हे सिद्ध झालं. प्रिंटरमध्ये मेमरी वाढवली असेल, पण ड्रायव्हरच्या डिव्हाइस सेटिंग्जमध्ये जुनाच आकडा असेल, तर तोही दुरुस्त करा.

दुसरी गोष्ट खुद्द नेटवर्क. सर्वात फसवा प्रकार म्हणजे एकाच आयपी पत्त्यावर दोन उपकरणं. प्रिंटर आणि कुणाचा तरी फोन तोच पत्ता धरून बसले, की लहान जॉब जातात, मोठे मधेच मरतात. प्रिंटर बंद करा आणि त्याच पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं, तर चोर सापडला. प्रिंटर चालू असताना 'एआरपी'च्या (आयपी आणि मॅक पत्त्यांच्या जोड्यांच्या) यादीतला मॅक पत्ता प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पानावरच्या पत्त्याशी जुळतो का, तेही बघा. त्याच कॉन्फिगरेशन पानावर बऱ्याच प्रिंटरमध्ये बॅड पॅकेट, फ्रेमिंग एरर, लेट कोलिजन असे मोजलेले आकडे असतात. मोठा जॉब पाठवण्याआधी एक पान काढा, नंतर दुसरं. लेट कोलिजनचा (उशिरा झालेल्या टकरींचा) आकडा वाढला असेल, तर स्विचच्या एका टोकाला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा) पक्कं केलेलं आणि दुसरं टोक ऑटोवर, अशी विसंगती जवळजवळ नक्की. दोन्ही टोकं ऑटो करा.

व्हीपीएनवरून छापताना एक-दोन पानं जातात आणि मोठा जॉब पहिल्या पानावरच अडतो, तेव्हा पॅकेटचा आकार तपासा. विंडोजमध्ये पिंगला 'एफ' आणि 'एल १४७२' हे पर्याय द्या. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. ते जात नसेल तर आकडा कमी करत जा, आणि जिथे उत्तर येतं तिथे २८ मिळवून तेवढा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) व्हीपीएनच्या बोगद्यावर लावा.

एक खोटा अर्धवटपणाही असतो. प्रत्येक पानाच्या तळाच्या दोन-तीन ओळीच गायब, बाकी सगळं जागेवर. फाइल ए४ ची आणि ड्रायव्हर किंवा ट्रे लेटरवर असेल तर असंच होतं, कारण लेटर कागद ए४ पेक्षा १७.६ मिलिमीटर आखूड आहे. इथे पोर्ट बदलून काही होणार नाही.

मग लावायचं काय? नवा प्रिंटर, अद्ययावत फर्मवेअर, साधी छपाई असेल तर आयपीपी. खास फिनिशिंग हवं असेल किंवा प्रिंटर जुना असेल तर स्थिर पत्त्यावर ९१००, शेवटच्या पानानंतर पाठवणी, वाढवलेला टाइमआउट आणि ३०७ ची नोंद चालू. तरीही पानं गळत राहिली तर सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी तीन वस्तू तयार ठेवा: अर्धवट जॉबची ३०७ ची नोंद, त्याच दिवशी काढलेलं कॉन्फिगरेशन पान आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबलेली पीआरएन फाइल पेन ड्राइव्हवर. ती फाइल त्याने दुसऱ्या, त्याच मॉडेलच्या प्रिंटरवर पाठवली आणि तिथे ४० च्या ४० पानं आली, तर बदलायचा भाग तुमच्या प्रिंटरमध्येच आहे.